हातचं राखून

मास्तरची वही अजून माझ्या खणात आहे. फुलस्केप, जाड पुठ्ठ्याची, कडेला लाल कापडी पट्टी. किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तसली. हिंजवडीतल्या सातव्या मजल्यावर, जिथे कुणाकडे पेन मागितलं तर तो दोन मिनिटं खण उचकत बसतो, तिथे ही वही म्हणजे पुराणवस्तूच. पहिल्या पानावर वर 'श्री', आणि खाली इंग्रजी-मराठी सरमिसळ अक्षरात पहिली ओळ: 'सॉक-सेव्हन आला तर घाबरू नये. आधी चहा. मग लॉग.'

आमची टीम एका अमेरिकन विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे तिच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, काम करते. कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्रॅम, त्यातले काही जवळजवळ माझ्याच वयाचे. तिकडे रात्र झाली की हप्ते, दावे, एजंटांचं कमिशन असे शेकडो जॉब एकामागून एक चालतात, त्याला बॅच म्हणतात, आणि त्यात काय काय झालं याच्या नोंदीला लॉग. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. आकड्याच्या जागी चुकून कचरा आला की प्रोग्रॅम कोसळतो आणि स्क्रीनवर एक कोड येतो. त्याला या धंद्यातले लोक सॉक-सेव्हन म्हणतात. महिनाअखेरीला तो आला की नव्या पोराच्या तोंडचं पाणी पळतं. अशा वेळी मास्तर आपली खुर्ची सरकवत शेजारी यायचा. कीबोर्डला हात लावायचा नाही. 'तू बघ, मी बसलोय,' एवढंच म्हणायचा.

त्याचं खरं नाव नव्या पोरांना दोन-दोन महिने कळायचं नाही. मलाही तो ईमेलमध्ये आडनावाने दिसला की क्षणभर हा कोण असं व्हायचं. वय अठ्ठेचाळीस, पिंपळे सौदागरला फ्लॅट, मुलगी बारावीला, डब्यात आठवड्यातून तीनदा मेथी. बढतीच्या शिडीवरून तो फार वर्षांपूर्वी स्वतःच बाजूला झाला होता. 'मला माणसं सांभाळता येत नाहीत, शिकवता येतात,' असं म्हणायचा. या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

२०२४ची दिवाळी झाली आणि वरून एक एक्सेल आलं. नाव 'स्किल मॅपिंग'. चौदा माणसं, चौदा ओळी. रकाने नेहमीचेच: कौशल्य, अनुभव, किती महत्त्वाचं काम, आणि शेवटचा रकाना, बॅकअप आहे का? हो किंवा नाही. मी माझ्या बॉसला फोन करून विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे रे, क्लायंटला दाखवायचंय. त्याला तेव्हा खरं माहीत होतं की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. मी टीममध्ये एकेकाला विचारत फिरलो: तुझं काम अजून कोणाला येतं? आणि त्यांना तेच वाक्य दिलं, फॉर्मॅलिटी आहे रे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॅकअप असणं हा आमच्याकडे गुण होता. वीस वर्षं आम्हाला हेच शिकवलं गेलं की एकाच माणसाच्या डोक्यात काही ठेवू नका. 'उद्या हा बसखाली आला तर काम चालेल का?' हा आमच्या धंद्यातला जुना, जरा अभद्र विनोद. त्याला बस फॅक्टर असं भारदस्त नावही आहे. ज्याच्या टीममध्ये बॅकअप जास्त तो लीड, म्हणजे टीमप्रमुख, चांगला. आमच्या टीमचा लीड मी. म्हणून मी तो रकाना अभिमानाने भरला. चौदापैकी अकरा जणांपुढे 'हो'. मास्तरपुढे मी 'हो' लिहून कंसात दोनचा आकडाही टाकला. त्याचं काम एकाला नाही, दोघांना येत होतं. त्यानेच शिकवलेलं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मास्तरच्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांचं आमंत्रण आलं. विषय: 'कनेक्ट'. पलीकडे बंगळुरूच्या एचआरमधली एक मुलगी आणि कॅमेरा बंद ठेवलेला एक माणूस. मुलीने समोरचा कागद वाचून दाखवला. राजीनामा दिला तर नोटीसचा पगार, वर थोडं काही, आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर. नाही दिला तर कंपनीच पत्र काढेल, आणि मग पुढच्या नोकरीच्या पडताळणीत काय दिसेल ते तुम्ही समजू शकता. विचार करायला संध्याकाळपर्यंतचा वेळ.

राजीनामा पोर्टलवर द्यायचा असतो. तिथे कारणाचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. खाली बाण दाबला की यादी येते: चांगली संधी, उच्च शिक्षण, विवाह, स्थलांतर, प्रकृती, वैयक्तिक. मास्तरने मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि यादी वरून खाली, खालून वर दोनदा फिरवली. 'अरे, यात मला काढलं असं कुठे आहे?' तो खरंच शोधत होता. अठरा वर्षं प्रोग्रॅममध्ये चुका शोधलेला माणूस, यादीत एक पर्याय राहून गेलाय असंच त्याला वाटलं असणार. मग त्याने 'वैयक्तिक' निवडलं. चार वाजता त्याचं लॉगिन बंद झालं.

सुरक्षारक्षकाने बॅग उघडली. डबा, पाण्याची बाटली, टेबलाखालच्या चपला, मुलीने सहावीत असताना करून दिलेला पेनस्टँड. वहीपाशी तो अडला. हाताने लिहिलेला कागद बाहेर जाऊ द्यायचा की नाही, हे त्याच्या नियमात नसावं. त्याने वरिष्ठाला फोन लावला, वरिष्ठाने आणखी कुणाला. शेवटी ठरलं, क्लायंटची माहिती आहे, वही राहील. मास्तर म्हणाला, 'राहू दे. पोरांसाठीच आहे ती.' तळमजल्यावर गेटपर्यंत मी सोबत गेलो. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून ट्रॅफिकबद्दल बोललो. भूमकर चौकात आज किती वेळ लागेल याची आम्ही दोघांनी बऱ्यापैकी गंभीर चर्चा केली.

त्या आठवड्यात आमच्या चौदातले चार गेले.

कायदा नाही असं नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचा सगळा पाढा होता: सलग एक वर्ष काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि साधारणपणे जो शेवटी आला त्याने आधी जायचं. पण हे 'कामगारा'साठी. आणि आमचा माणूस कामगार की व्यवस्थापक, हा वाद कोर्टात कितीही वर्षं चालू शकतो, कारण आमच्याकडे चार माणसांचं काम बघणाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावरसुद्धा मॅनेजर लिहिलेलं असतं. शिवाय राजीनामा दिला की मुद्दाच संपला. कपात झालीच नाही, चार माणसं वैयक्तिक कारणाने गेली.

पुढे जुलैत टीसीएसने वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा पुण्यात जी धडकी भरली, तिच्यात मला हा एक फरक जाणवला. आमची कंपनी ती नव्हे. पण निदान तिथे एक आकडा बाहेर आला, पेपरात छापून आला, आयटीवाल्यांची नाइट्स ही पुण्यातली संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली, सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणसं उघड बोलली. आमच्या चौघांचा आकडा कुठेच नाही. तो मी इथे लिहितोय तेवढाच.

आता उरलेल्या दहांचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

पहिले आठ दिवस शांतता होती. मग हिशेब सुरू झाला. गेलेल्या चौघांमध्ये समान काय? पगार? एकाचा तर बराच कमी होता. वय? एक पोरगी सत्तावीस वर्षांची. रेटिंग? मास्तरचं कधी वाईट नव्हतं. टपरीवर, कॅबमध्ये, मी नसलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे गणित कितीतरी वेळा मांडून पुसलं गेलं असणार. आणि शेवटी कुणाला तरी आठवलं, दिवाळीनंतर लीड वही-पेन घेऊन विचारत फिरत होता: तुझं काम अजून कोणाला येतं? गेलेल्या चौघांचं उत्तर 'हो' होतं. ज्या तिघांनी 'नाही' म्हटलं होतं ते तिघेही जागेवर.

हे कारण खरं होतं का? मला ठाऊक नाही. चौघं गेली आणि 'हो'वाले सात राहिलेही, म्हणजे गणित काही अगदी चोख नाही. कदाचित क्लायंटने बिलातून चार जागा कापल्या असतील आणि कुणीतरी बंगळुरूत बसून पगाराच्या रकान्यावर फिल्टर लावला असेल. पण कारण कुणी सांगितलंच नाही. आणि जिथे कारण सांगितलं जात नाही तिथे माणसं स्वतः कारण शोधतात, आणि एकदा सापडलं की त्या कारणाला धरून वागायला लागतात. ते खरं की खोटं याला मग काही अर्थ उरत नाही.

आमच्या टीमने शोधलेलं कारण असं होतं: मास्तर गेला, कारण त्याने शिकवलं.

हे कोणी तोंडाने बोललं नाही. पण मार्चपासून मला गोष्टी दिसायला लागल्या. आमचं एक विकी पान आहे, कोणता जॉब पडला तर काय करायचं याची नोंद ठेवायला. आधी तिथे आठवड्याला पाच-सहा नोंदी पडायच्या, त्यातल्या निम्म्या मास्तरच्या वहीतून उतरवलेल्या. मार्चमध्ये दोन. एप्रिलमध्ये एक, तीही स्पेलिंगची दुरुस्ती. मेपासून काही नाही. एका नव्या मुलाने विचारलं, हा जॉब पडला की पहिल्या पायरीपासून का नाही, तिसरीपासूनच का चालवायचा? आधीच्या दोन पायऱ्यांत फाइल लिहून झालेली असते, पुन्हा चालवलं तर हप्ते दोनदा मोजले जातील, हे साधं उत्तर. त्याला मिळालेलं उत्तर: 'तसंच असतं ते.' ज्याने ते दिलं तो चांगला मुलगा आहे, मास्तरच्या तालमीतला. मी मागे उभा होतो हे त्याला माहीत नव्हतं. किंवा होतं.

काम अडलं नाही बरं का. उलट प्रत्येकजण पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायला लागला. अडचण आली की 'राहू दे, मीच बघतो' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं. वरच्यांना हे फार आवडलं. ओनरशिप वाढली म्हणाले. आजारी पडलेला माणूस घरून लॉगिन करायला लागला. एकीने लग्नाच्या सुट्टीत, मेंदी वाळत असताना, एका हाताने बॅच बघितली आणि त्याचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा त्यावर अठ्ठावीस टाळ्या पडल्या.

मग कंपनीचा वार्षिक सर्व्हे आला. कर्मचारी किती समाधानी आहेत, नेतृत्वावर किती विश्वास आहे, वगैरे. तुमचं उत्तर गुप्त राहील असं प्रत्येक पानावर लिहिलेलं. आमच्या टीमचा विश्वासाचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा वाढला. मला अभिनंदनाचं ईमेल आलं. सर्व्हे गुप्त आहे यावर एकाचाही विश्वास नव्हता, म्हणून सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मीही दिले.

डब्याचं मात्र वाईट झालं. आम्ही दहा-बारा जण दोन टेबलं जोडून बसायचो. तो प्रकार हळूहळू मोडला. आधी काही जण साडेबाराला जायला लागले, काही दीडला. मग जोड्या झाल्या. मी टेबलाशी गेलो की विषय एकदम क्रिकेटवर यायचा. इतक्या घाईने की एकदा क्रिकेटचा सीझनही नव्हता. मी सूचीत नावं घालणारा माणूस होतो, त्यांच्या लेखी. त्यांचं चुकत होतं असंही म्हणवत नाही.

माणसांच्या याद्या लावायची ही पद्धत काही आमच्या कंपनीने शोधलेली नाही. १९८१ साली जॅक वेल्च जनरल इलेक्ट्रिकचा प्रमुख झाला. १९८०मध्ये ४ लाख ११ हजार माणसं असलेली ती कंपनी १९८५पर्यंत तीन लाखांच्या खाली आली. इमारती उभ्या राहतात, माणसं तेवढी नाहीशी होतात, म्हणून लोक त्याला न्यूट्रॉन जॅक म्हणायचे. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा आणि त्या दहांना दरवर्षी दार दाखवायचं, हे त्याचं सूत्र. ते जगभर गेलं, आपल्याकडे बेल कर्व्ह होऊन आलं. मायक्रोसॉफ्टने अशी रांग लावणं नोव्हेंबर २०१३मध्ये सोडून दिलं. आम्हाला मात्र एप्रिल आला की अजूनही तो उंटाच्या पाठीसारखा आलेख दाखवतात. ज्या टीममध्ये कुणी एक जण तळाला बसवायलाच हवा, तिथे शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःला एक पायरी खाली ढकलणं. इतकं साधं आहे हे. तरी मास्तरसारखी माणसं वर्षानुवर्षं मदत करतच राहिली, आणि आम्ही ते गृहीत धरलं.

'हातचं राखून' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्यातला 'हातचा' कोणता हे माझ्या डोक्यात या वर्षी पहिल्यांदा आलं. शाळेतल्या बेरजेतला हातचा. सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच खाली, हातचा एक. पण बेरजेत तो राखायचा नसतोच. तो पुढच्या घरात मिळवायचा असतो. राखला तर उत्तर चुकतं. आमच्या टीममध्ये सध्या दहा माणसं दहा हातचे मुठीत धरून बसली आहेत.

हे सगळं मी एका रविवारी आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणजे माझे वडील. पाटण तालुक्यातल्या गावातून १९७०मध्ये मुंबईला गेले, परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले. लागले म्हणजे बदली म्हणून लागले. बदली कामगार काय असतो हे आता सांगावं लागतं: रोज सकाळी पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. सगळे आले असतील तर घरी. आण्णांनी असं सहा वर्षं केलं. मी त्यांना बेंच समजावून सांगितला, की प्रोजेक्ट नसलेला माणूस नुसता बसून असतो, रोज वाट बघत. ते म्हणाले, 'पगार मिळतो का?' म्हटलं, हो, काही दिवस. 'मग ते बदली नव्हे.'

मला वाटलं होतं, आण्णा म्हणतील की आमच्या वेळी एकी होती. ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी वेगळंच सांगितलं. साच्यावर तुटलेला धागा कसा गाठवायचा, आडवा धागा नेणारा धोटा अडकला तर साचा कसा थांबवायचा, हे त्यांना शिकवलं एका गाववाल्याने. त्यानेच त्यांना मिलमध्ये चिकटवलं होतं, दोघं एकाच गावकीच्या खोलीत झोपायचे, पाळीपाळीने, एकच वळकटी. मी विचारलं, तुम्ही काम शिकलात तर त्याची जागा जाईल असं त्याला वाटलं नाही? आण्णांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, 'अरे, मी शिकलो नसतो तर तो गावाला कसा गेला असता? भातकापणीला कोण गेलं असतं? गणपतीला?' बदलीला काम येत असेल तरच कायम कामगाराला सुट्टी. साचा चालू राहायचा, त्याची जागा त्याचीच राहायची. आपल्या हाताखालचा माणूस तयार करणं यात त्याचा स्वतःचाच स्वार्थ होता.

मी यावर बराच विचार केला. मास्तरही म्हणायचाच की, 'तुम्हाला येतं म्हणून मी मे महिन्यात तारकर्लीला जातो.'

पण आण्णांची गोष्ट तिथे संपत नाही, आणि मी ती तिथे संपवली तर लबाडी होईल. १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आण्णा तेव्हा कायम झाले होते. बदलींना कायम करा हीसुद्धा संपातली एक मागणी होती आणि त्यासाठी आपण बाहेर बसलोय याचा त्यांना अभिमान होता. वर्ष गेलं. आई मला घेऊन गावी आली, मी तीन-चार वर्षांचा. पुढच्या वर्षी काही गिरण्या थोड्या माणसांवर चालू झाल्या तेव्हा, ज्याने आण्णांना धागा गाठवायला शिकवलं तोच गाववाला एके दिवशी पोलिसांच्या गाडीतून मिलमध्ये गेला. त्याच्याकडेही पोरंबाळं होतीच. आण्णा त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलं नाही, तसं आण्णांचंही. गावात दोघांची घरं एका बोळात. चाळीस वर्षं. तो वारला तेव्हा आण्णा नदीवर गेले, शेवटपर्यंत उभे राहिले, आणि घरी येऊन कुणाशी काही न बोलता अंघोळ करून झोपले.

मी विचारलं, 'आता वाटतं का, बोलायला हवं होतं?'

'मालकाशी माझं काही भांडण नव्हतं तसं,' आण्णा म्हणाले. 'मालक मी कधी बघितलाच नाही.'

मास्तरला अजून नोकरी नाही. अधूनमधून भेटतो. सकाळी त्याच वेळेला आवरून बाहेर पडतो, कारण त्याने सोसायटीत सांगितलेलं नाही. बाणेरच्या एका कॅफेत लॅपटॉप घेऊन बसतो, एक कॉफी तीन तास. आई-वडिलांचा मेडिक्लेम कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होता, तो शेवटच्या दिवशीच संपला. सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांचा नवा विमा काढताना त्याला जो हप्ता सांगितला तो ऐकून तो म्हणे हसलाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विम्याचे हप्ते मोजले. टीमची चौकशी करतो. कोण लग्न करतंय, कोणाचं बाळ झालं. एकदा म्हणाला, 'ती सव्वीस नंबरची जॉब अजून रडते का रे महिनाअखेरीला?' मी म्हटलं, रडते. त्याने तोंड उघडलं, उपाय सांगणारच होता, मग कॉफीचा कप उचलला. मी त्याला सांगितलं नाही की मी विचारायलाच आलो होतो.

त्याला त्या एक्सेलबद्दल माहीत आहे का? आम्ही बोललेलो नाही. त्याने शिकवलेल्या पोरांपैकी कुणी तरी त्याला नक्की सांगितलं असणार. कंसातल्या दोनच्या आकड्याबद्दल मात्र कुणालाच माहीत नाही, तो फक्त मी लिहिला होता.

या दिवाळीनंतर ते एक्सेल पुन्हा आलं. यंदा नाव 'टॅलेंट इन्व्हेंटरी'. रकाने तेच. मी टीममध्ये फिरलो नाही, प्रत्येकाला फाइल पाठवली आणि म्हटलं तुमची ओळ तुम्हीच भरा. संध्याकाळी फाइल परत आली. बॅकअप आहे का: नाही, नाही, नाही, नाही. दहाही ओळी. वरून खाली वाचत गेलो तर एखाद्या सभेतल्या घोषणेसारखं वाटलं. अकरावी ओळ माझी होती. माझं काम माझ्या हाताखालच्या मुलाला साठ-सत्तर टक्के येतं, मीच शिकवलंय त्याला, गेल्या वर्षीपर्यंत. मी 'नाही' लिहिलं, सेव्ह केलं, आणि पाठवून दिलं. खरं सांगायचं तर हात थांबलासुद्धा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नेमकी महिनाअखेर. चिंचवडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी आठला बोलावलं होतं, आणि आठलाच तिकडे बॅच भरात असते. आण्णांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर, दोन म्हाताऱ्या आणि एका चष्मेवाल्या मुलाच्या मध्ये, मांडीवर लॅपटॉप उघडला. हॉटस्पॉट लावला. सव्वीस नंबर पडली होती. फोनवर पोरगा घाबऱ्या आवाजात विचारत होता, सर काय करू? मी म्हटलं, 'राहू दे, मी बघतो.' मास्तरची वही खणात होती, खण ऑफिसात. चहा मिळण्यासारखा नव्हता. लॉग उघडला.

अर्ध्या-पाऊण तासाने नर्सने आण्णांना व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर प्लास्टिकची जाळी. त्यांनी मान वळवून दुसऱ्या डोळ्याने आधी मला शोधलं, मग मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं. मी टाइप करत होतो, त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. ते थांबले. नर्स थांबली.

'सुट्टी घेतलीस ना आज?' आण्णांनी विचारलं.

'घेतलीय.'

'मग? बदली नाही का तुझ्या जागी?'